भेटी चव्वेचाळीस, माणूस एक

या, असे जरा पुढे सरका. खांबाआड बसलात तर माझा चेहरा दिसायचा नाही, आणि ही गोष्ट सांगताना मी आजही कसा गोंधळतो हे बघण्यातच तिची निम्मी गंमत आहे. साथीला पेटी नाही, तबला नाही, गळा तर देवानं मला दिलेलाच नाही. पण ऐकून हात हलवत परत जाणार नाही, एवढा शब्द देतो.

पंधरा वर्षं झाली. आषाढी एकादशी होऊन आठवडा लोटला होता आणि देवरुखात काझी मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासात मी छत्रीचं पाणी पायावर गळू देत बसलो होतो.

"काका," पडद्यावरची नजर न काढता मॅडम म्हणाल्या, "महिना झाला वेबसाईट सुरू होऊन. आलेले लोक, पाच."

"पाच तर पाच. सुरुवात आहे."

"त्यातल्या तीन वेळा मीच आले होते, नीट चालतेय का बघायला. आणि दोनदा तुम्ही."

मी वामन मुळ्ये. पोस्टात तेहतीस वर्षं टपालाची वर्गवारी केली आणि निवृत्त झालो. दुसरं व्यसन नाही, कीर्तनाचं सोडून. मुंजीत, उत्सवात, गोकुळाष्टमीला, जिथे कीर्तन तिथे मी पहिल्या रांगेत. आमची ही म्हणायची, "तुम्ही पूर्वरंगात डुलक्या काढता आणि उत्तररंगात रडता. मधे बुवा काय सांगतात ते तुम्हाला कधी कळतं?" खरं होतं ते. पण पाध्येबुवांच्या कीर्तनात मला कधी डुलकी आली नाही. धोंडोबुवा पाध्ये. पन्नास वर्षं आमच्या दत्तमंदिरात उभे राहिले. त्यांची एकसष्ट कीर्तनं मी माझ्या टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवली होती.

त्या चैत्रात बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला. घरी आले ते कोपऱ्यातल्या खाटेवर बसले, ते उठेचनात. बायको आधीच गेलेली, मूल नाही. समोर एक पाटी असायची, त्यावर दोन-चार शब्द लिहायचे, तेही आम्ही फार पिच्छा पुरवला तर. भोपाळला त्यांचा पुतण्या होता. तो म्हणाला, तुळशीचं लग्न झालं की मी काकांना घेऊन जातो. बुवा हो म्हणाले. भोपाळात कोण ओळखणार त्यांना? आणि इथून उपटलेलं ते झाड तिथे रुजणार थोडंच? मी हाता-पाया पडलो. तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं ते मला अजून दिसतं:

"तुम्ही येता ते दयेने. एक परका माणूस माझ्यासाठी आपल्या पायांनी आला तर राहीन."

म्हणून ही वेबसाईट. काझी मॅडमनी फुकट करून दिली. शबाना त्यांचं नाव, माझ्या मुलीच्या वयाच्या, पण सगळा गाव मॅडम म्हणायचा म्हणून मीही म्हणायचो.

"लोक येत का नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही पानांना नावं काय दिलीयत बघा. पुष्प पहिलं. पुष्प दुसरं. पुष्प तिसरं."

"मग? कीर्तनमालेत पुष्पच म्हणतात."

"आत काय आहे?"

"कीर्तन."

"कशावर?"

"मॅडम, आख्यान कुठलं ते आधी सांगायचं नसतं! बुवांचा दंडक आहे. श्रोत्याला ओढ लागली पाहिजे."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे खुर्ची वळवून लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागल्या. "काका, हे जे शोधयंत्र आहे ना, त्याला डोळे आहेत, कान नाहीत. ते जगभरच्या पानांवरनं हिंडतं, लिहिलेलं वाचतं आणि कुठे कुठले शब्द आहेत त्याची नोंद ठेवतं. टेप ऐकत नाही. तुम्ही देवळातल्या कीर्तनाच्या फळ्याचा फोटो टाकलाय, तो त्याला चित्र वाटतो. उद्या एखाद्यानं काही विचारलं, तर ते आपल्या नोंदीत बघून सांगणार, अमुक पानावर जा. तुमच्या पानावर वाचायला आहे काय? पुष्प!"

"पण माणूस बुवांचं नाव शोधेल की. पाध्येबुवा."

"ज्याला नाव माहीत आहे तो परका कसला? परका नाव घेऊन येत नाही, काका. तो आपली अडचण घेऊन येतो."

मला पटलं नाही. पोस्टात नावाशिवाय काही चालत नाही. नाव, घर नंबर, पेठ, गाव. अडचण लिहून पत्र टाकलं तर ते कुठल्या कप्प्यात घालायचं? संध्याकाळी देवळात आमच्या भजनी मंडळापुढे मी रडगाणं गाइलं की बुवांचं नाव नेटवर कुणी शोधतच नाही, शोधलं तर आकडा वाढेल, बुवांना दाखवता येईल. बायकांनी चुकचुक केली. गोदूकाकू खेर म्हणाल्या, "दत्तगुरू बघून घेतील रे." विषय संपला.

आणि तिसऱ्या दिवशी चमत्कार!

"चव्वेचाळीस," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही आवाज चढला होता. "काल एका दिवसात चव्वेचाळीस भेटी. सगळ्या शोधून आलेल्या. शब्द, पाध्येबुवा कीर्तन. गाव पुणे."

"पुणे!"

दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. तिसऱ्या दिवशीही तितक्याच. ना एक कमी, ना एक जास्त. एकादशीला अठ्ठ्याऐंशी.

"दुप्पट कशा?" मॅडमना शंका आली.

"पुण्यालाही एकादशी असतेच की."

"ते ठीक. पण रोज तेवढ्याच कशा? थांबा, अजून एक तक्ता असतो." त्यांनी काहीतरी दाबलं. "काका, इथे भेटी आणि माणसं वेगवेगळी मोजतात. भेटी चव्वेचाळीस. माणूस... एक."

"म्हणजे?"

"म्हणजे एकाच कॉम्प्युटरवरनं कुणीतरी रोज चव्वेचाळीस वेळा येतंय. येतं, बंद करतं, परत शोधून येतं."

मॅडमच्या चेहऱ्यावर काळजी होती. माझ्या मात्र अंगावर काटा आला. एक माणूस! चव्वेचाळीस रिकामटेकडे फिरकून गेले असते तर त्यात काय? पण पुण्यात बसून एक माणूस दिवसातून चव्वेचाळीस वेळा बुवांचं नाव घेतो आणि दाराशी येऊन जातो! मॅडम म्हणत होत्या, "काका, जरा थांबा, मला नीट बघू दे," पण मी छत्री विसरून भिजत बुवांच्या घरी पोचलोसुद्धा.

बुवांनी ऐकलं. पाटी घेतली. "परका?"

"अगदी परका. पुण्याचा."

"दिवसात चव्वेचाळीस?"

"एकादशीला दुप्पट."

बुवा पहिल्यांदा खाटेवरनं उठले. खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी पेजेची वाटी चाटूनपुसून संपवली आणि वर मेतकूट मागितलं.

मग रोजचा परिपाठच झाला. मी गेलो की पाटी पुढे यायची, "आज आला?" आला म्हटलं की चेहरा उजळायचा. श्रावण गेला, भाद्रपद गेला. बुवांनी जुनी वही काढली, तिच्यात त्या पुणेकरासाठी नवा पूर्वरंग लिहायला घेतला. मला विचारायचे, वय काय असेल? गातो का? मी काय सांगणार? म्हणायचो, गात असेल. एकदा तर मी म्हणालो, बहुतेक तंबोराही वाजवतो. देवा, क्षमा कर.

नवरात्रात माळ लागली आणि आकडा शून्य झाला. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशीही शून्य.

"आला?"

"आज नाही, बुवा."

चौथ्या दिवशी त्यांनी पेज परत पाठवली. पाटी दोन्ही बाजूंनी भरून लिहिली होती. "आजारी असेल. एकटा असेल. पत्ता काढ. तू पोस्टात होतास ना?"

पत्ता मी कुठनं काढणार? डोकं पार पिंजून निघालं. दत्तमंदिरात जाऊन बसलो. बायकांचं भजन चाललं होतं, पण गोदूकाकू एका बाजूला गप्प. सत्तर वर्षांची बाई, आवाज असा की टाळांना लाजवील, आणि आज ओठ मिटून.

"काकू, बरं नाही का?"

"बरी आहे रे. नेम मोडला माझा चातुर्मासाचा."

"कांदा खाल्लात?"

"कांदा कसला खात्येय! तो मेला कॉम्प्युटर बिघडला. चार दिवस झाले, माणूस येतो म्हणतो नि येत नाही."

नेमाचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध?

"सांगू नये नेम, फळ जातं म्हणतात," काकू इकडेतिकडे बघत म्हणाल्या. "पण आता मोडलाच आहे तर सांगते. तूच नाही का म्हणालास, बुवांचं नाव कुणी शोधत नाही म्हणून? लेकाने बोस्टनहून आमच्याशी बोलायला घरात कॉम्प्युटर बसवून ठेवलाय. आम्ही चौघींनी संकल्प सोडला. रोज दुपारी प्रत्येकीनं अकरा वेळा बुवांचं नाव शोधायचं. दरवेळी बंद करून पहिल्यापासून, अर्धवट चालत नाही. एकादशीला बावीस."

अकरा चोक चव्वेचाळीस.

"पण काकू, ते... ते तर पुण्याचं दाखवत होतं!"

"पुण्याला कशाला जाऊ रे मी? गुडघे बघ माझे."

मी धावत काझी मॅडमकडे. त्यांनी ऐकलं आणि डोळे मिटले. "टेलिफोनची लाईन पुण्यावरनं फिरून येते, काका. म्हणून पुणे. मला वाटलंच होतं काहीतरी. मी थांबा म्हटलं होतं तुम्हाला."

म्हटलं होतं खरं.

बुवांना सांगायचं की नाही? दोन दिवस मी त्यांच्या घराच्या वळणापर्यंत जाऊन परतलो. काकू म्हणाल्या, "कॉम्प्युटर दुरुस्त झाला की आम्ही पुन्हा सुरू करतो, सांगतोस कशाला?" पण तिकडे बुवा नसलेल्या माणसाच्या काळजीनं उपाशी बसले होते. तिसऱ्या दिवशी गेलो आणि सगळं सांगितलं. चौघी जणी, अकरा वेळा, पुण्याची लाईन.

बुवा शांतपणे ऐकत होते. मला वाटलं रागावतील, पाटी फेकतील. त्यांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली. आधी एक बाजू, मग दुसरी. भिंतीशी टेकवून ठेवली आणि भिंतीकडेच तोंड करून आडवे झाले.

भोपाळची तिकिटं आली. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची.

"बंद करा ती वेबसाईट," मी मॅडमना म्हणालो.

"करते. पण त्याआधी एक पान लिहायचं."

"कशाला आता?"

"माझ्यासाठी. बुवा आज कसे आहेत ते सांगा. तुम्ही बोला, मी टाईप करते. पण पुष्पबिष्प नको. बायको असती घरी तर तिला जसं सांगितलं असतं तसं सांगा."

हे त्यांनी असं म्हटलं आणि माझा बांधच फुटला. मी सांगत गेलो. आमचे बुवा मोठे कीर्तनकार. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. आता घरात कुणाशी बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून असतात. जेवत नाहीत. पाटी दिली तर हात लावत नाहीत. आपण काही बोलायला गेलो की आपल्यालाच लाज वाटते, आपल्याला आवाज आहे याची. काय करावं कळत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा. खाली माझं नाव, घरचा फोन.

"पानाला नाव काय देऊ?"

"तुम्हाला हवं ते द्या."

मॅडमनी लिहिलं, 'आवाज गेला म्हणून आमचे बुवा घरात कुणाशी बोलत नाहीत.' माझ्या डोळ्यांना ते नाव उघडंनागडं वाटलं. पण वाद घालायचं त्राण नव्हतं.

बारा दिवसांनी त्यांचा निरोप आला, ताबडतोब या.

पडद्यावर एकच ओळ होती. शोधून आलेला एक माणूस. गाव सांगली. आणि ज्या शब्दांनी शोधलं ते शब्द: "सासऱ्यांचा आवाज गेला घरात कुणाशी बोलत नाहीत काय करावे".

मी तीनदा वाचलं. "हे चुकून आलंय आपल्याकडे."

"कसं काय?"

"अहो, ही कीर्तनाची वेबसाईट. त्या बाईला डॉक्टर हवाय. पोस्टात असं पत्र आलं की आम्ही शिक्का मारून पाठवणाऱ्याला परत करायचो."

"परत कुठे पाठवणार? पत्ता नाही, नाव नाही. शब्द तेवढे आहेत." मग मॅडम हळूच म्हणाल्या, "चुकून आली असती तर लगेच गेली असती, काका. तिनं तीन पानं उघडली. बुवांचं एक कीर्तनही लावलं."

"पण तिला बुवा माहीतच नाहीत!"

"तेच म्हणतेय मी."

काय म्हणतायत ते मला अजूनही धड उमगत नव्हतं. बुवांचं नाव, बुवांची कीर्ती, एकसष्ट कीर्तनं, या सगळ्यांनी जे दार उघडलं नाही ते त्यांच्या मुकेपणानं कसं उघडलं? आणि उघडून तरी काय? मी घरी आलो.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"त्ये कीर्तनवाल्या बुवांचं आवाज गेलेलं घर ह्येच का?" बाईमाणसाचा आवाज, घाटावरचा.

"त्यांचं नाही, पण मी त्यांचाच. वामन मुळ्ये. आपण?"

"मी अक्काताई गळवे. आटपाडीकडनं बोलती. आमच्या मालकांचं बी तसंच झालंया. बैलांच्या बाजारात दलाल हुते. धा हजाराच्या गर्दीत हाक मारली तर ह्या टोकाचा बैल त्या टोकाला कान टवकारायचा. आता तीन म्हैनं झालं, भाइर पडत न्हाईत. बाजारची माणसं आली तर कडी लावून घेत्यात." तिनं दम घेतला. "तुमच्या बुवांना मग कसं बोलतं केलं?"

"नाही हो केलं. तेही भिंतीकडेच तोंड करून आहेत."

वाटलं, फोन ठेवला.

"मग आमी येतो."

"इथे येऊन काय करणार, बाई?"

"भिंतीकडं तोंड करून बसायचं त्ये दोघं एकमेकांकडं करून बसतील की!"

बुवांना सांगणं आलं. मी खाटेशी उभा राहून सांगितलं की असं असं पान लिहिलं, जगाला दिसेल असं, तुमच्या दुखण्याचं, तुम्हाला न विचारता. बुवा गर्रकन वळले. महिन्याभरात पहिल्यांदा पाटी उचलली. पेन्सिल कर्रकर्र वाजली. "माझे दुखणे चव्हाट्यावर?"

"हो."

"कोण येणार?"

"आटपाडीचे. बैलांचे दलाल."

"माझे कीर्तन ऐकले आहे?"

"नाही. तुमचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं."

बुवांनी पाटी पुसली आणि बाजूला ठेवली. पण ज्या दिवशी पाहुणे यायचे त्या दिवशी मी गेलो तर ते आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, गळ्यावरची जखम झाकेल असं उपरणं घेऊन बसले होते.

मायाप्पा गळवे म्हणजे दारातून वाकून यावं लागेल असा गडी. डोक्याला पटका, गळ्याला मफलर. अक्काताई त्यांच्या दंडाला धरून जवळजवळ ओढतच आणत होत्या. "चला, चला. बस गेली निघून, आता माघारी जायचं न्हाई."

दोघे समोरासमोर बसले. मी चहा ठेवला. कुणी कुणाकडे बघेना. बुवांनी पाटीवर "या" लिहून पुढे केली. मायाप्पांनी मान फिरवली.

"त्यास्नी वाचाय येत न्हाई," अक्काताई म्हणाल्या.

संपलं. बुवांची पाटी फुकट. चहावर साय धरली. अक्काताई पदराशी चाळा करत होत्या, मी तिकिटांचा दिवस मोजत होतो. अकरा दिवस राहिले होते.

आणि मग त्या धिप्पाड माणसानं एक विचित्र गोष्ट केली. पुढे सरकला, बुवांच्या उपरण्याचा लोंबता पदर उचलला, बुवांचा उजवा हात धरला आणि पदराखाली ओढून घेतला. वरून फक्त कापड हलताना दिसत होतं.

मी घाबरून उठलो. "अहो, हे काय?"

"बसा, बसा!" अक्काताई माझ्यावर खेकसल्या. "बाजारात दलाल असंच बोलत्यात. कापडाखाली, बोटांनी. तोंडानं बोललं तर चार लोक ऐकत्यात म्हणून. तीन म्हैन्यांत एकदा बी कुणाचा हात धरला न्हवता. आमाला घरात येतंय कुठं ती भाषा?"

बुवांना तरी कुठे येत होती? पण पन्नास वर्षं बोटांवर मात्रा मोजलेला तो माणूस. पदराखाली काहीतरी झालं असावं, कारण मायाप्पांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पुन्हा बोटं दाबली असावीत. बुवांनी उत्तर दिलं. मी बघत होतो, बुवांची मान समेवर हलते तशी हलली. मायाप्पांचीही हलली. कापड हलत राहिलं. मग एकाएकी मायाप्पांचे खांदे गदागदा हलू लागले. मला वाटलं रडतायत. नीट पाहिलं तर हसत होते. आवाज नाही, नुसतं हसू. आणि समोर आमचे बुवा, तेही तसेच, तोंड उघडून, डोळ्यांतनं पाणी, बिनआवाजाचे हसताहेत.

"काय म्हणाले हो?" मी अक्काताईंना विचारलं.

"मला काय ठावं! बैल इकला असंल."

काय बोलले ते दोघे, मला आजतागायत कळलेलं नाही. तासभर चाललं. उठताना मायाप्पांनी दोन्ही हातांनी बुवांचे हात धरले. बुवांनी पाटी घेतली आणि माझ्याकडे वळवली. दोनच शब्द होते: "भोपाळ रद्द."

पुतण्या आला, रागावला, तिकिटं घेऊन परत गेला. बुवा त्यानंतर सहा वर्षं आमच्यात होते. दर पौर्णिमेच्या आगेमागे गळवे जोडपं यायचं. पुढे पुढे आणखीही काही आले, त्याच दुखण्याचे, त्याच शब्दांनी शोधत. दत्तमंदिराच्या ओवरीत एका उपरण्याखाली चार-चार हात असायचे. एकसष्ट पुष्पांची नावंही मी बदलली, साध्या शब्दांत. काझी मॅडम माझ्याकडे बघून हसल्या, पण मी म्हटलं होतं ना, असं काही म्हणाल्या नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या दिवशीचं. मी गळव्यांना एसटीवर सोडायला गेलो होतो. गाडी लागली. मी म्हणालो, "अक्काताई, सूनबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी ते शब्द लिहिले नसते तर हे काही झालं नसतं."

"कुठली सून? आमाला मूलबाळ न्हाई."

मी पुन्हा गोंधळलो. "अहो, सासऱ्यांचा आवाज गेला म्हणून ज्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं त्या..."

"ती हुय!" अक्काताई पायरीवर थांबल्या. "ती माझी कुणी न्हवं. सांगलीच्या दवाखान्यात भेटली. आमी मालकांना तपासायला नेलं हुतं, तिथं बाकड्यावर बसली हुती. तिच्या बी सासऱ्यांचं ह्येच आप्रेशन. मी रडाय लागले तशी तिनं पिशवीतनं चिठ्ठी काढली. हितं फोन करा म्हनली, तिथं बी एक असंच हायत, त्यांची माणसं बरी वाटत्यात. मी म्हनलं, बाई, तू का न्हाई केलास? तर म्हनली, मी काल करणार हुते. सासरे आज सकाळी गेले."

कंडक्टरनं घंटी मारली.

"नाव काय तिचं?"

"न्हाई इचारलं हो. कागद करायला तिला आतनं बोलावलं, ती उठून गेली."

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे जाऊन ती ओळ पुन्हा काढून घेतली. सांगली. एक माणूस. तीन पानं. ते नऊ शब्द. बाकी काही नाही. ती परत कधी आली नाही, आली असली तरी मला ओळखू येणं शक्य नव्हतं.

तर आता उठाल, घरी जाल, देवापुढे दिवा लावाल. बुवांची आठवण सगळेच काढतात, त्यांची काळजी नको. तुम्ही हात जोडाल तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावरच्या त्या सुनेला आठवा. नाव मलाही ठाऊक नाही. नावाशिवायच आठवा.